झाकण लावणारे वाबळे सर

वाबळे सर स्कूटर बंद करत नसत. नई सडकेवर भाजी घेताना, कॉलेजच्या फाटकाशी कुणाशी बोलताना, एकदा माझ्या घरी लग्नाची पत्रिका द्यायला आले तेव्हासुद्धा स्कूटर दारात धडधडत उभी आणि सरांचा एक हात तिच्या मुठीवर. मी म्हटलं, "सर, पेट्रोल जळतंय." म्हणाले, "बंद केली की पुन्हा सुरू होईल याची काय खात्री?" स्कूटर जुनी होती, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं. पण सर स्वतःही तसेच होते. वाक्य अर्धं बोलून झालं की पुढच्या वाक्यावर उडी घ्यायचे, आणि खडू या हातातून त्या हातात जाता जाता त्याचे तीन तुकडे व्हायचे.

मी ग्वाल्हेरच्या एका सरकारी कॉलेजात त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले तेव्हा आमचा कॉम्प्युटरचा विभाग नवा होता. विभाग म्हणजे चार मशिनं, फक्त मशिनांसाठी आलेला एक एसी, आणि सर. मूळचे गणिताचे. त्यांनी शिकवायला घेतलेला विषय दुसऱ्या कुणाला नको होता. नेहमीच्या प्रोग्रामात मशिनला काय करायचं ते पायरीपायरीनं सांगावं लागतं. सरांच्या विषयात काय खरं आहे तेवढं सांगायचं आणि प्रश्न विचारायचा. उत्तर कसं शोधायचं ते मशिननं बघावं.

पहिल्याच तासाला ते 'पूर्वज' घेत. बाप हा पूर्वज. पूर्वजाचा बाप हाही पूर्वज. दोन वाक्यांत सगळी वंशावळ बसते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मुलांना हे फार आवडे. आपले पणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर कसे आले, हे प्रत्येकाला सांगायचं असे. सर त्यांना बोलू देत आणि मग म्हणत, "आमचेही आले फौजेबरोबर. घोड्यांच्या चंदीच्या खात्यात होते. तलवार आमच्या गोष्टीत नंतर आली."

मग मुलं मशिनवर बसत, आणि कुणी तरी वाक्यांची मांडणी अशी करे की पूर्वज शोधायचा तर आधी पूर्वज शोधावा लागे. तो शोधायचा तर पुन्हा आधी पूर्वज. मशिन खाली खाली जात राही आणि शेवटी जागा संपली म्हणून आडवं पडे. मुलगा घाबरे. सर खूष.

"वाक्य खोटं आहे का?" ते विचारत.

"नहीं सर."

"मग मशिन का मेलं? कारण त्याला आठवत नाही की हाच प्रश्न आपण आत्ता, एका क्षणापूर्वी, विचारलाय. यार, आपण माणसं आहोत, आपल्याला तरी आठवायला पाहिजे."

आणि ते फळ्याच्या उजव्या बाजूला एक डबा काढत. वरून उघडा. डब्याच्या पोटावर प्रश्न लिहीत. जे उत्तर सापडेल ते डब्यात टाकत. शोधता शोधता तोच प्रश्न पुन्हा समोर आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. डब्यात आतापर्यंत जे आहे तेवढं उचलायचं आणि पुढे जायचं. काही नवीन सापडलं तर तेही डब्यात. असं फिरता फिरता एक अख्खा फेरा नवीन काही न मिळता गेला, की डब्याच्या वर आडवी रेघ. झाकण. मग जे डब्यात आहे ते आहे, आणि जे नाही ते नाही.

"याला इंग्रजीत मोठं नाव आहे," सर सांगत. "पेपरात ते लिहा, मार्क मिळतात. डोक्यात डबा ठेवा."

डब्यांचा हा सगळा कारखाना त्यांनी आमच्या त्या चार मशिनांवर स्वतः लिहिला होता. बाहेरून कुठून तरी लेखांच्या झेरॉक्स मागवायच्या, त्या वाचता वाचता चिडायचं, आणि मग त्यात नसलेलं स्वतः करून बघायचं. झाकण लावायची घाई त्यांना खपत नसे. मी एकदा एका कोड्यात डबा लवकर बंद केला आणि दोन उत्तरं बाहेर राहिली. सर रागावले नाहीत. "झाकण लावायच्या आधी एकदा वाकून बघायचं ग," एवढंच म्हणाले, आणि माझा अख्खा प्रोग्राम पुसला.

घरीदारीही हेच. एखादी गोष्ट त्यांना दुसऱ्यांदा विचारली की म्हणत, "हे झालंय." त्यांच्या पत्नी, कुंदावहिनी, सरकारी कन्याशाळेत संस्कृत आणि हिंदी शिकवत. त्यांच्यापुढे हा नियम टिकत नसे. "अहो, गॅस संपलाय हे सांगून झालंय, तुमचं ऐकूनही झालंय. गॅस आलेला नाही. याचं झाकण कोणी लावायचं?" सर स्कूटर घेऊन निघत.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ मुलीच्या स्थळासाठी त्यांच्याकडे आले होते. ग्वाल्हेरातली मराठी घरं मोजकी, प्रत्येकाचं प्रत्येकाशी काही ना काही लागतं. मुलगा जवळच्या नात्यात निघू नये, एवढंच त्यांना बघायचं होतं. पंचांग बघणाऱ्याकडे जायचं सोडून ते आमच्या लॅबमध्ये आले, कारण सर फुकट बघत. दोन्ही घरांची माणसं मशिनमध्ये भरायला आम्हाला चार दिवस लागले. ह्याची मावशी त्याची काकू, त्या काकूचा भाचा पुन्हा हाच. साध्या मशिननं यात केव्हाच मान टाकली असती. सरांच्या डब्यांनी पटकन उत्तर दिलं. नातं होतं, चार वेगवेगळ्या वाटांनी, पण सगळं लांबचं.

गृहस्थांचा चेहरा पडला. "चार? मग नाही म्हणून टाकू?"

वहिनी डबा घेऊन आल्या होत्या, खरा, पोळीभाजीचा. त्या म्हणाल्या, "चार वाटांनी नातं म्हणजे चार ठिकाणी चौकशी करायला नको. करून टाका."

लग्न झालं. त्याचीच ती पत्रिका, जी सर माझ्याकडे घेऊन आले होते. वरपक्षापेक्षा आमंत्रणं त्यांनीच जास्त वाटली.

त्यांची आणखी एक आठवण माझ्या डोक्यातून जात नाही. प्रिंटरची रिबन संपली होती आणि परीक्षेचे निकाल छापायचे होते. आम्ही दोघं बाजारात निघालो. महाराज बाड्याजवळच्या दुकानदारानं सांगितलं, नई सडकेवर अमक्याकडे मिळेल, कालच त्याच्याकडे होती. नई सडकेवरच्यानं सांगितलं, पाटणकर बाजारात बघा, माझा माल तिथूनच येतो. ऊन मी म्हणत होतं. पाटणकर बाजारातला म्हणाला, "अरे साहब, बाड़े पर पूछिए, मैं तो उन्हीं से मँगवाता हूँ।"

मी वैतागले. सर मात्र भर रस्त्यात हसायला लागले. एक रिक्षावाला त्यांना बघून थांबला.

"तिघंही खरं बोलताहेत," ते मला म्हणाले. "खोटं कोणीच बोलत नाही. आणि रिबन कोणाकडेच नाही. विद्या, हे तुला फळ्यावर कधी कळलं नसतं."

"सर, निकाल कशावर छापायचे?"

"हाताने लिहू," ते म्हणाले, आणि खरोखरच लिहायला बसले.

हे सगळं चाललेलं असताना राज्याचे दोन भाग झाले. छत्तीसगड वेगळं निघालं. माणसं, जीपगाड्या, कपाटं, सगळ्यांची वाटणी सुरू झाली. कॉलेजात दुसरा विषय नाही. कोण इकडे, कोण तिकडे. तिकडे माणसं कमी होती, म्हणून मी जातो असं म्हणणाऱ्याला कोणी कारण विचारत नव्हतं. इथे राहायचं तर कारण द्यावं लागे. नवरा-बायको दोघं सरकारी नोकरीत असतील तर त्यांना एकाच राज्यात ठेवावं, असा एक चांगला नियमही होता.

सरांनी कारण दिलं, पत्नी ग्वाल्हेरला नोकरीत. वहिनींनी त्यांच्या खात्यात कारण दिलं, पती ग्वाल्हेरला नोकरीत. दोन्हीही खरं. सरांच्या फायलीवर शेरा आला, पत्नीचं ठरल्यावर निर्णय घ्यावा. वहिनींच्या फायलीवर शेरा आला, पतीचं ठरल्यावर.

आमचे आस्थापनेचे बडे बाबू तिवारीजी पान लावता लावता म्हणाले, "वाबळे साहब, आपकी फ़ाइल आपकी मैडम का इंतज़ार कर रही है।"

"आणि मॅडमची?"

"वो आपका। राम मिलाई जोड़ी है।"

आम्ही सगळे हसलो. स्टाफरूममधल्या लोकांचा सल्ला एकच होता, फिरू द्या. फाइल फिरते आहे तोवर दोघं जागच्या जागी. साहेबांना टोचून जागं कशाला करायचं? सल्ला व्यवहाराचा होता. मीही तोच दिला असता.

पण वहिनींच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका त्याच वर्षी निवृत्त झाल्या. वहिनी शाळेत सगळ्यांत जुन्या, पुढचं नाव त्यांचंच. मात्र जिचं राज्य ठरलेलं नाही तिला बढती देता येईना. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एका बाईंकडे तात्पुरता कारभार गेला. रजेचा अर्ज घेऊन वहिनींना तिच्यापुढे उभं राहावं लागे. ती बिचारी उठून उभी राही, ते आणखी वाईट. सत्र संपताना बढत्या पक्क्या होणार होत्या. तोवर वहिनींचं ठरलं नाही तर ती खुर्ची कायमची गेली असती, आणि निवृत्तीही काही फार लांब नव्हती.

सर भोपाळच्या खेपा घालायला लागले. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी परत यायचे. "सांगून आलो," म्हणायचे. कुणाला, काय, ते नाही. वर्गात शिकवताना आता चुका व्हायला लागल्या. एकदा तास संपला तरी डबा उघडाच ठेवून ते तसेच निघून गेले. मुलांनी तो पुसला नाही, सर येऊन झाकण लावतील म्हणून दोन दिवस फळ्याचा तो कोपरा सोडून लिहिलं.

मी त्यांना फाटकाशी गाठलं.

"सर, हे तर तुमचंच उदाहरण आहे."

"आहे."

"मग उत्तर माहीत आहे तुम्हाला."

त्यांनी मूठ पिळली, स्कूटर उगाच गुरगुरली. "भोपाळला काही नवीन मिळतंय का बघायला जातो. वाकून बघायला नको?"

"मिळालं का?"

"चहा चांगला मिळतो," म्हणाले आणि निघून गेले.

त्या थंडीत एका रविवारी मी तपासलेले पेपर द्यायला त्यांच्या घरी गेले. वहिनी गच्चीवर उन्हात मटार सोलत होत्या. सरांनाही एक ताट दिलं होतं. ते दाण्यांपेक्षा सालं जास्त नीट लावत होते. मी पेपर ठेवले आणि मलाही एक मूठ शेंगा मिळाल्या.

वहिनींनी एकदम विचारलं, "विद्या, हे शिकवतात ते गोल फिरणारं तुलाही येतं ना?"

"येतं."

"मग तू सांग. ह्यांना विचारलं की हे उठून जातात. मी ह्यांच्यावर, हे माझ्यावर. शेवटी काय निघतं त्यातून?"

मी सरांकडे बघितलं. "सर सांगतील," म्हटलं. नवरा-बायकोच्या मध्ये बोलायची मला हौस नाही.

सर मटारांकडे बघत म्हणाले, "'नाही' निघतं."

"काय नाही?"

"राहण्याचं कारण. तू माझं नाव देतेस, मी तुझं देतो. त्याच्या खाली दुसरं काहीच नाही. झाकण लावलं की डबा रिकामा. दोघांनाही जावं लागेल."

"आणि मी तुमचं नाव काढून टाकलं तर?"

सर सालं लावत राहिले.

"अहो, तुम्हाला विचारते आहे. माझ्या अर्जातून तुमचं नाव मी काढलं तर?"

दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाला ते 'हे झालंय' म्हणाले नाहीत. "तर तुझी सीनियॉरिटी उरते," म्हणाले. "शाळेत तू सगळ्यांत जुनी. राहायला तेवढं पुरतं. कुणाचं नाव लागत नाही."

"आणि तुम्हाला?"

"तू नियम सोडलास की तो मलाही लागत नाही. आणि मला दुसरं कारण नाही."

वहिनींनी हातातली शेंग सोलून संपवली. "कधीपासून माहीत होतं?"

"पहिला शेरा आला तेव्हापासून."

"मग भोपाळला काय करत होतात इतके दिवस?"

"झाकण लावायचं टाळत होतो," सर म्हणाले.

मला वाटलं, आता वहिनी चिडतील. त्या चिडल्या नाहीत. पदराला हात पुसून म्हणाल्या, "सगळे म्हणतात, नवऱ्याची बदली झाली नाही म्हणून ही इथे टिकली. मी माझ्या कामावर टिकले होते. एकदा तरी तेवढंच कारण लागू दे."

"लागू दे," सर म्हणाले.

"वरण-भात येतो का तुम्हाला?"

"येतो."

"वरण कच्चं राहतं तुमचं."

"तिथे सांगायला कोणी नसेल."

यावर मात्र वहिनी ताट उचलून खाली गेल्या. सर तिथेच उरलेली सालं गोळा करत राहिले. मला म्हणाले, "पेपर बरे आहेत का?" मी म्हटलं, "बरे आहेत." मग मीही निघाले.

वहिनींनी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. नवरा-बायकोच्या नियमाचा फायदा मला नको, माझा विचार माझ्या नोकरीवर करावा. त्याची नक्कल आमच्याकडे आली तेव्हा तिवारीजींनी चष्मा काढून पुसला. "साथ रहने की अर्ज़ी तो सब देते हैं," ते म्हणाले, "ऐसी पहली बार चढ़ा रहा हूँ।" सरांनी त्यांच्यासमोर उभं राहूनच आपला कागद लिहिला. जायची तयारी आहे, कारण लिहिलं नाही. कोणी विचारलंही नाही.

दोन्ही फायली पटकन सुटल्या. वहिनी मुख्याध्यापिका झाल्या. सरांना बिलासपूरच्या पुढच्या एका गावातलं तंत्रनिकेतन मिळालं. आमच्या समाजात बोलायला विषय मिळाला. एका हळदीकुंकवाला कुणी तरी वहिनींना आडून विचारलंच, काही खटकलं का म्हणून. वहिनी म्हणाल्या, "भांडायचं असतं तर एका घरात राहून भांडता येतं. एवढ्या लांब कशाला पाठवू?"

निरोप समारंभात सर फक्त विषयाबद्दल बोलले. आपण लिहिलेला प्रोग्राम कुठे अडखळतो, कुठे जागा जास्त खातो, कोणी तरी तो नीट करावा. मी पुढे तो नीट केला. काम चांगलं होतं, पण घाईनं लिहिलेलं. मध्येमध्ये तर त्यांनी एकाच गोष्टीला दोन नावं दिली होती, दमही न घेता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या सव्वीस जानेवारीला. वहिनींनी मुलींना बक्षिसं द्यायला मला शाळेत बोलावलं होतं. फाटकाशी पोचले तर सर उभे. खांद्याला बॅग, स्वेटरची बटणं एक घर सोडून लावलेली. रात्रभराच्या प्रवासातून थेट आले असावेत. चपराशी नवा होता. त्यानं त्यांना अडवलं होतं.

"किसके पिताजी हैं आप?"

"किसी के नहीं। प्रिंसिपल मैडम के पति।"

चपराश्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मैडम तो अकेली रहती हैं।"

सरांनी विचार केला. खऱ्या वाक्याशी ते कधी वाद घालत नसत. "हाँ," म्हणाले, "यह भी सही है।"

मी मध्ये पडून चपराश्याला समजावलं. तो ओशाळला, एक खुर्ची डोक्यावर घेऊन मुलींच्या रांगांमागे ठेवून आला. सर मला म्हणाले, "तिला आत्ता काही सांगू नकोस. कामात आहे. दुपारची गाडी आहे मला, झेंडा बघतो आणि जातो." मी मंचावर जाऊन बसले आणि वहिनींना काही सांगितलं नाही.

झेंडा फडकला. राष्ट्रगीत झालं. वहिनी बोलायला उभ्या राहिल्या. भाषण हिंदीत, त्यांच्या स्वभावासारखं, नळ बंद करण्यापासून वेण्यांच्या रिबिनीपर्यंत. मुली उन्हात चुळबुळत होत्या. लांब, शेवटच्या रांगेमागे सरांनी घड्याळ बघितलं. बॅग खांद्याला लावली आणि मुलींना त्रास होऊ नये म्हणून वाकून, हळूच उठले.

वहिनी बोलता बोलता थांबल्या. त्यांना केव्हा दिसले होते कोण जाणे. सगळ्या मैदानावरून त्या तिकडे बघत होत्या. मग माइकवर, आवाज जराही न बदलता, मराठीत म्हणाल्या, "बसा. अजून संपलेलं नाही."

शाळेतल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यातलं कोणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. सर उभे होते तिथून मागे सरकले, खुर्चीवर टेकले, बॅग मांडीवर घेतली. वहिनींनी नळांचा मुद्दा जिथे सोडला होता तिथून पुढे सुरू केला, आणि माझ्या आठवणीप्रमाणे त्या दिवशी त्या खूप वेळ बोलल्या.